सेंटओएस 7 वर ‘यम’ वारंवार बंद पडणे: तात्पुरता इलाज, मूळ कारण आणि स्थलांतराची तयारी

साखर कारखाने, डाळ मिल, पतसंस्था आणि वाळूज-चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींतील लहान उद्योग यांचे सर्व्हर मी सांभाळतो. जुलै 2024 पासून मराठवाड्यातील या ना त्या जिल्ह्यातून मला एकाच अर्थाचा फोन येत आला आहे: “सर, सर्व्हरला नेट लागंना गेलंय.” प्रत्यक्षात नेट व्यवस्थित असते. कोणीतरी सेंटओएस 7 या लिनक्स प्रणालीवर एखादे पॅकेज, म्हणजे तयार बांधलेला प्रोग्राम, टाकण्यासाठी तिच्या ‘यम’ या साधनाला ‘यम इन्स्टॉल’ ही कमांड दिलेली असते आणि पडद्यावर ‘मिररलिस्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ हा होस्ट सापडत नसल्याचा संदेश आलेला असतो. होस्ट सापडत नाही म्हणजे नेट नाही, असा समज करून घेऊन राउटर बदलला जातो, ब्रॉडबँडवाल्याला बोलावले जाते, डीएनएसचे आकडे बदलले जातात, आणि या सगळ्यात अर्धा दिवस गेल्यावर मूळ तक्रार जशीच्या तशी उरते.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावीत.

पहिली तपासणी दोन मिनिटांची आहे. त्याच सर्व्हरवरून दुसऱ्या कोणत्याही परिचित संकेतस्थळाला पिंग करून पाहावे. त्याचे नाव आयपी पत्त्यात बदलत असेल आणि फक्त मिररलिस्टचे नाव बदलत नसेल, तर नेट आणि डीएनएस दोन्ही ठीक आहेत आणि राउटरला हात लावण्याचे कारण नाही. सेंटओएस 7 चा आधार (सपोर्ट) 30 जून 2024 रोजी संपला. त्यानंतर आरशांची (मिरर, म्हणजे पॅकेजेसच्या प्रती ठेवणाऱ्या सर्व्हरांची) यादी देणारा तो पत्ताच बंद झाला आणि पॅकेजेस ‘व्हॉल्ट डॉट सेंटओएस डॉट ऑर्ग’ या जुन्या साठ्यात हलवली गेली. सर्व्हर मात्र अजून जुन्याच दारावर जाऊन हाक मारतो आहे.

तात्पुरता इलाज

‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘यम डॉट रेपोज डॉट डी’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘सेंटओएस-बेस डॉट रेपो’ ही फाइल असते. रेपो म्हणजे यम जेथून पॅकेजेस आणते तो साठा आणि या फाइलीत त्याचा पत्ता असतो. आधी या फाइलीची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये काढून ठेवावी. मग फाइलीतील ‘मिररलिस्ट’ने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीच्या आधी हॅश चिन्ह लावावे, ‘बेसयूआरएल’च्या ओळीपुढचे हॅश काढावे, त्या ओळीतील होस्टच्या जागी व्हॉल्टचा पत्ता घालावा आणि आवृत्तीच्या जागी 7.9.2009 हा पूर्ण आकडा लिहावा. त्यानंतर ‘यम क्लीन ऑल’ आणि ‘यम मेककॅश’ या दोन कमांड क्रमाने द्याव्यात. क्लीन ऑल विसरले, तर यम आधी साठवलेलीच माहिती वापरत राहण्याची शक्यता असते आणि केलेला बदल लागू झाला नाही असे वाटून माणूस नीट असलेली फाइल पुन्हा बिघडवतो.

एवढ्याने बहुतेक ठिकाणी यम चालू होते. तरीही महिन्या-दोन महिन्यांनी तोच फोन पुन्हा येतो आणि त्याची कारणे पुष्कळदा ठरावीक असतात. सगळ्यात जास्त वेळा आढळणारे कारण असे, की इलाज करणाऱ्याने मूळ रेपो फाइल दुरुस्त न करता तिचे नाव बदलून ठेवलेले असते आणि शेजारी नवी फाइल तयार केलेली असते. सर्व्हर 7.4 किंवा 7.6 वर असेल आणि व्हॉल्टमधून संपूर्ण अपडेट केले, तर ‘सेंटओएस-रिलीज’ हे पॅकेजही अपडेट होते. त्या पॅकेजला आपली फाइल जागेवर दिसत नाही, म्हणून ते ती पुन्हा तयार करते, आणि तिच्यात जुना मिररलिस्टचा पत्ता असतो. फाइल जागेवर ठेवून तिच्यात बदल केलेला असेल, तर पॅकेज तिला हात लावत नाही आणि आपली प्रत ‘आरपीएमन्यू’ या शेपटीने बाजूला ठेवते. म्हणून नाव बदलू नये, मजकूर बदलावा.

दुसरे कारण ‘इपेल’चे, म्हणजे फेडोरा प्रकल्पाच्या जादा पॅकेजेसच्या रेपोचे. इपेल 7 चा आधारही 30 जून 2024 रोजीच संपला आणि त्याची पॅकेजेस फेडोराच्या अर्काइव्हमध्ये गेली. एका रेपोचा पत्ता चुकला की यम बाकीच्या चांगल्या रेपोंसह संपूर्ण काम थांबवते. म्हणून बेसची फाइल नीट असतानाही यम बंद दिसते आणि दुरुस्ती करणारा त्याच फाइलीत चूक शोधत बसतो. त्रुटीच्या संदेशात रेपोचे नाव असते, ते शांतपणे वाचावे. न वापरातले रेपो ‘एनेबल्ड’ची किंमत शून्य करून बंद करावेत.

तिसरे कारण घड्याळ. वीज वारंवार जाते तेथे जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरील बॅटरी संपलेली असली, तर मशीन चालू होताना कित्येक वर्षे मागची तारीख दाखवते, आणि मग सुरक्षित जोडणीचे प्रमाणपत्र ‘अजून लागू झालेले नाही’ असे कारण येते. ‘डेट’ कमांड दिल्यावर उलगडा होतो. बॅटरी बदलल्याशिवाय हा दोष जात नाही, फक्त तारीख बदलून भागत नाही.

पायथन बदलल्याने बंद पडलेले यम

याच लक्षणाचा एक वेगळा प्रकार आहे आणि तो नेटशी अजिबात संबंधित नाही. एखाद्या नव्या प्रोग्रामला पायथन 3 हवे असते, म्हणून कोणीतरी ‘पायथन’ या नावाचा दुवा पायथन 3 कडे वळवतो. त्या क्षणापासून यम चालवले, की ‘एक्सेप्ट कीबोर्डइंटरप्ट’च्या ओळीवर व्याकरणदोष दाखवून ते थांबते. सेंटओएस 7 वरील यम हे पायथन 2 मध्ये लिहिलेले आहे आणि ती ओळ पायथन 3 च्या व्याकरणात बसत नाही. दुवा पुन्हा पायथन 2 कडे वळवावा आणि नव्या प्रोग्रामला ‘पायथन 3’ या पूर्ण नावानेच हाक मारावी. यमच्या पहिल्या ओळीत ‘पायथन 2.7’ लिहूनही काम होते, पण तसे केल्यास ‘यूआरएलग्रॅबर-एक्स्ट-डाउन’ या दुसऱ्या फाइलीच्या पहिल्या ओळीतही तोच बदल करावा लागतो. ती विसरली तर यम सुरू होते आणि डाउनलोडच्या पायरीवर पुन्हा पडते.

हे साधन बदलावे का लागले, याचे उत्तरही येथेच आहे. पायथन 2 चा आधार 1 जानेवारी 2020 रोजी संपला. यमचा वारस ‘डीएनएफ’ हा फेडोरा 18 या लिनक्स प्रणालीत 2013 साली पहिल्यांदा दिसला, फेडोरा 22 मध्ये मे 2015 पासून मुख्य साधन झाला आणि मे 2019 मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 8 (सेंटओएस जिच्यावरून बनते ती मूळ प्रणाली) मधून उद्योगांच्या सर्व्हरपर्यंत पोहोचला. तेथे ‘यम’ हे नाव शिल्लक आहे, पण ते डीएनएफकडे नेणारा केवळ दुवा आहे. म्हणजे बदल अचानक आलेला नाही. आपल्याकडे मात्र तो 2024 च्या जुलैमध्ये एका रात्रीत आल्यासारखा वाटला, कारण मधली वर्षे आपण सेंटओएस 7 वरच काढली.

व्हॉल्टवर थांबून का चालत नाही

व्हॉल्ट हे गोदाम आहे. तेथे जुना माल मिळतो, नवा येत नाही. 30 जून 2024 नंतर सापडलेल्या सुरक्षेच्या कोणत्याही त्रुटीची दुरुस्ती तेथे मिळणार नाही. शिवाय इतर प्रोग्रामही मागे राहू लागतात. सेंटओएस 7 मधील ‘जीलिबसी’ची, म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणाऱ्या मूळ लायब्ररीची, आवृत्ती 2.17 आहे, तर नोड जेएस 18 च्या अधिकृत बांधणीला 2.28 लागते. तेथील ओपनएसएसएल 1.0.2 ला सुरक्षित जोडणीची टीएलएस 1.3 ही नवी पद्धत येत नाही. त्यामुळे आज यम, उद्या एखाद्या बँकेची फाइल पाठवणारी जोडणी आणि परवा बिल तयार करणारा प्रोग्राम, अशा वेगवेगळ्या नावांनी एकच दुखणे वर येत राहते. माझ्या मते वारंवार येणाऱ्या या तक्रारीचे मूळ रेपोच्या पत्त्यात नाही. आपण प्रत्येक वेळी पत्ता दुरुस्त करतो, पण हा सर्व्हर कोणत्या एका कारणासाठी पुढे नेला जात नाही ते शोधत नाही, यात ते आहे.

आणि ते कारण जवळजवळ नेहमी असते. धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात मी सलग दोन वर्षे अपग्रेडचा विषय काढला. गळीत हंगाम चालू असताना मुख्य लेखापाल म्हणाले, “सीझन संपू द्या.” हंगाम संपल्यावर ऊसबिलांचा हिशेब आणि ऑडिट पुढे आले. ऑडिट संपेपर्यंत बॉयलर अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर झाली आणि ऑफ सीझन संपला. सुरुवातीला मला हे टाळाटाळीसारखे वाटले. नंतर लक्षात आले, की त्यांच्यासमोर एक चित्र स्पष्ट होते: हंगामात उसाच्या गाड्यांचा वजनकाटा बंद पडला, तर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते, तोडलेला ऊस वाळून वजनात घटतो, आणि ती घट शेवटी शेतकऱ्याच्या पावतीत उतरते. ही भीती निराधार नाही. तिला उत्तर द्यायचे असेल, तर सुरक्षेच्या त्रुटींची यादी दाखवून उपयोग नाही. काटा कसा बंद पडणार नाही आणि पडलाच तर किती मिनिटांत परत चालू होईल, हे दाखवावे लागते.

अपग्रेडला नकार देणाऱ्यांच्या बाजूने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सेंटओएस 8 सप्टेंबर 2019 मध्ये आले तेव्हा त्याला 2029 पर्यंत आधार मिळेल असे गृहीत धरले गेले होते. 8 डिसेंबर 2020 रोजी जाहीर झाले, की तो 31 डिसेंबर 2021 रोजीच संपेल. नांदेड भागातील एका पतसंस्थेने माझ्याच सल्ल्याने वेळेवर 8 वर उडी घेतली होती. तिच्या पदरी सव्वा वर्षाच्या आत दुसरे स्थलांतर आले, तर ज्यांनी माझे ऐकले नाही आणि 7 वर बसून राहिले, त्यांना जून 2024 पर्यंत काही झाले नाही. त्या पतसंस्थेच्या सचिवांना मी काय उत्तर देणार होतो? तेव्हापासून मी कोणालाही “लवकर बदला” असे मोघम सांगत नाही. आधार कोण देतो, कोणत्या वर्षापर्यंत देतो आणि तो मध्येच काढला गेला तर त्याच पॅकेजेसवर चालणारा दुसरा पर्याय कोणता, हे तीन मुद्दे कागदावर लिहून देतो. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे सेंटओएसची जागा घेणारे, रेड हॅटशी जुळणारे दोन्ही प्रकल्प त्या डिसेंबरच्या घोषणेनंतरच उभे राहिले आणि 2021 मध्ये त्यांच्या पहिल्या आवृत्त्या आल्या. एकमेकांच्या जागी वापरता येतील असे दोन पर्याय असणे, ही उद्योगासाठी मोठी सोय आहे.

सर्व्हर कशावर अडला आहे ते शोधणे

मालकाला किंवा विभागप्रमुखाला “अपग्रेड का करत नाही” असे विचारू नये. “हे मशीन आत्ता बंद केले, तर पहिला फोन कोणाचा येईल?” असे विचारावे. त्या कारखान्यात उत्तर तत्काळ मिळाले: काट्याच्या खोलीतून.

त्यानंतर सर्व्हरकडून त्याची स्वतःची साक्ष घ्यावी. ‘आरपीएम क्यूए’ने पॅकेजेसची यादी मिळते, पण खरा धोका त्या यादीबाहेर असतो. ‘ऑप्ट’, ‘यूएसआर लोकल’ आणि ‘होम’ या फोल्डरांतील चालवता येण्याजोग्या प्रत्येक फाइलीवर ‘आरपीएम क्यूएफ’ चालवावे. ‘ही फाइल कोणत्याही पॅकेजची नाही’ असे उत्तर ज्या फाइलींना मिळते, त्या कोणीतरी हाताने आणून ठेवलेल्या असतात आणि त्यांची जबाबदारी कोणतेही पॅकेज साधन घेत नाही. प्रत्येक वापरकर्त्याच्या क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची, यादी काढावी. ‘एसएस’ कमांडने कोणते पोर्ट उघडे आहेत ते पाहावे. ‘यम डॉट कॉन्फ’मध्ये ‘एक्सक्लूड’ची ओळ आहे का ते पाहावे, कधीकाळी एखादे अपडेट रोखण्यासाठी घातलेली ही ओळ नंतर कोणाच्याही लक्षात राहत नाही आणि पॅकेजेसचे परस्परांशी न जुळणे तिच्यातूनच निघते.

कारखान्याच्या सर्व्हरवर ही झडती घेतल्यावर ‘ऑप्ट’मध्ये 32 बिटचा एक जुना प्रोग्राम सापडला. तो सीरियल पोर्टवरून काट्याच्या इंडिकेटरचा आकडा वाचतो, गाडी क्रमांक आणि शेतकऱ्याची नोंद जोडतो आणि वजनपावती छापतो. लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता आणि मूळ कोड कोणाकडेही नव्हता. संपूर्ण सर्व्हर 2014 च्या काळात थांबला होता, तो एवढ्या एका फाइलीमुळे.

मी त्या सर्व्हरची डिस्क प्रतिमा काढली आणि लॅपटॉपवरील आभासी मशीनमध्ये तालीम सुरू केली. अल्मालिनक्स 9 निवडले, कारण त्याचा आधार 2032 पर्यंत आहे आणि त्यात 32 बिटच्या आवश्यक लायब्ररी अजून आहेत. मे 2025 मध्ये आलेल्या रेड हॅट 10 मधून त्या काढून टाकल्या गेल्या. प्रोग्राम नव्या मशीनवर तसाच ठेवून चालवला, तेव्हा फाइल डोळ्यांसमोर असूनही ‘अशी फाइल किंवा फोल्डर नाही’ असा संदेश आला. हा संदेश फसवा आहे. नसते ती प्रोग्रामची फाइल नव्हे. प्रोग्राम सुरू करून देणारा 32 बिटचा लोडर नसतो. ‘जीलिबसी’चे आय 686, म्हणजे 32 बिटचे, पॅकेज टाकल्यावर तो दोष गेला. मग पावतीच्या प्रिंटरचा ड्रायव्हरही टाकला. पुढची अडचण 32 बिटच्या सी प्लस प्लस लायब्ररीची यायला हवी होती, पण ती आली नाही, आणि प्रोग्राम चालू झाला.

ती लायब्ररी आधीच कोठून आली होती, याचा मी त्या दिवशी विचार केला नाही. दोन दिवसांनी पावतीचा प्रिंटर बदलला, म्हणून जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर ‘डीएनएफ रिमूव्ह’ने काढला आणि काट्याचा प्रोग्राम लायब्ररी सापडत नसल्याचे सांगून बंद पडला. येथे यम आणि डीएनएफ यांच्या स्वभावातील फरक आहे. जुने यम पॅकेज काढताना त्याच्यासोबत आलेली पॅकेजेस सहसा तशीच सोडून देत असे. डीएनएफ मात्र आता कोणालाही लागत नाहीत असे त्याला दिसणारी सोबतची पॅकेजेसही मूळ सेटिंगनुसार काढून टाकते. सी प्लस प्लसची लायब्ररी प्रिंटरच्या ड्रायव्हरसोबत आलेली होती आणि काट्याचा प्रोग्राम हाताने ठेवलेला असल्यामुळे त्याला तिची गरज आहे, हे डीएनएफला कळण्याचा मार्गच नव्हता. अशा लायब्ररीला ‘डीएनएफ मार्क इन्स्टॉल’ देऊन आपण मुद्दाम ठेवलेली म्हणून नोंदवावे लागते. चूक झालीच, तर ‘डीएनएफ हिस्टरी’त व्यवहाराचा क्रमांक पाहून ‘अनडू’ करता येते. पॅकेज काढण्याआधी डीएनएफ जी यादी दाखवते, ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. ‘होय’ असे उत्तर आधीच देऊन टाकणारी ‘वाय’ची जोड जुन्या स्क्रिप्टमध्ये असेल, तर ती काढावी.

या अनुभवानंतर मी तो प्रोग्राम नव्या प्रणालीत मोकळा ठेवण्याचा विचार सोडला. ‘पॉडमॅन’च्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी प्रणालीपासून वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात, सेंटओएस 7 ची छोटी प्रतिमा घेतली, तिच्यात व्हॉल्टमधून लागतील तेवढ्याच लायब्ररी टाकल्या, प्रोग्राम तिच्यात ठेवला आणि सीरियल पोर्टचे उपकरण ‘डिव्हाइस’ पर्यायाने आत दिले. कंटेनरला बाहेरचे नेट दिले नाही, कारण काट्याला त्याची गरज नाही आणि आधार संपलेल्या प्रणालीला बाहेर उघडे ठेवणे योग्य नाही. नव्या मशीनला सीरियल पोर्ट नसेल आणि यूएसबीचे अडॅप्टर लावायचे असेल, तर उपकरणाचे ‘टीटीवाययूएसबी शून्य’ असे नाव वापरू नये. केबल काढून घातली की आकडा बदलू शकतो. ‘डेव्ह’खालील ‘सीरियल बाय-आयडी’ फोल्डरमधील कायम नाव वापरावे.

जुलैच्या एका सकाळी काट्यावर प्रत्यक्ष पडताळणी झाली. काटा क्लार्क मामांची नोकरी याच खोलीत गेली आहे. त्यांनी पडद्याकडे पाहिलेच नाही. आवारातला एक रिकामा ट्रॅक्टर ट्रॉलीसह काट्यावर घेतला, जुन्या सर्व्हरवर एक पावती काढली, केबल बदलून नव्यावर दुसरी काढली, दोन्ही पावत्या एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, “वजन एकच हाय, पण नाव बघा की सर.” शेतकऱ्याच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे आणि परकी अक्षरे होती.

नावे बिघडणे: मराठी माहितीसाठी महत्त्वाची पायरी

हा दोष मायएसक्यूएल किंवा मारियाडीबीच्या जुन्या डेटाबेसमधून मराठी माहिती हलवताना नेहमी भेटतो, म्हणून थोडा सविस्तर सांगतो. जुन्या टेबलांची लिपी (कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) बहुधा ‘लॅटिन 1’ अशी नोंदलेली असते, पण प्रोग्रामने त्यांत यूटीएफ-8 चे बाइट भरलेले असतात. वाचणारा आणि लिहिणारा दोघेही एकाच पद्धतीने चुकत असल्यामुळे वर्षानुवर्षे नावे बरोबर दिसतात. डंप, म्हणजे सगळ्या माहितीची फाइलीत उतरवलेली प्रत, घेताना मात्र ‘मायएसक्यूएलडंप’ त्या बाइटांना लॅटिन अक्षरे समजून पुन्हा यूटीएफ-8 मध्ये बदलते आणि नाव दोनदा गुंडाळले जाते.

पडताळणी सोपी आहे. टेबलात ‘शेत’ हा शब्द असलेली नोंद घ्यावी आणि ‘कॅर लेंग्थ’ने त्याची लांबी मोजावी. श, एकाराची मात्रा आणि त मिळून उत्तर 3 यायला हवे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात. म्हणून उत्तर 9 आले, तर टेबल बाइटांनाच अक्षरे समजते आहे. अशा वेळी डंप घेताना मूळ लिपी लॅटिन 1 आहे असे स्पष्ट सांगावे आणि ‘स्किप सेट कॅरसेट’ द्यावे, म्हणजे बाइट जसेच्या तसे उतरतात. मग डंपच्या फाइलीतील टेबलांची लिपी बदलून ‘यूटीएफ-8 एमबी 4’ करावी आणि नव्या सर्व्हरवर भरताना जोडणीची लिपीही तीच सांगावी. भरल्यानंतर ‘ज्ञानोबा’, ‘कृष्णाबाई’, ‘श्रीरंग’ यांसारखी जोडाक्षरांची नावे आणि ‘पऱ्हाटी’सारखा शब्द शोधून पाहावा. लांब नावे शेवटी तुटली आहेत का, हेही पाहावे. जुन्या टेबलात रकान्याची मर्यादा बाइटांवर पडत असल्यामुळे काही नावे तेव्हाच अर्धवट साठलेली असतात आणि ती कोणत्याही डंपने परत येत नाहीत. आमच्याकडे अशी काही नावे निघाली आणि ती शेतकी विभागाच्या ऊस नोंदणीच्या रजिस्टरवरून हाताने भरावी लागली.

पीएचपीचा प्रश्न त्या मानाने लहान होता. सेंटओएस 7 मधील पीएचपी 5.4 ची ‘मायएसक्यूएल’ नावाची जुनी फंक्शने पीएचपी 7 पासून काढून टाकली आहेत, त्यामुळे ऊसबिलाचे पान कोरे येत होते. ‘मायएसक्यूएलआय’ वापरून ती बदलली.

प्रत्यक्ष बदल आणि परतीचा रस्ता

जागच्या जागी अपग्रेड करायचे असल्यास अल्मालिनक्सचा ‘एलिव्हेट’ हा प्रकल्प ‘लीप’ या साधनाने 7 वरून 8 वर आणि तेथून 9 वर नेतो. आधी ‘लीप प्रीअपग्रेड’ चालवावे. ते काहीही न बदलता अहवाल लिहिते आणि त्यातील ‘इनहिबिटर’ शब्द असलेला प्रत्येक मुद्दा सुटल्याशिवाय पुढे जात नाही. काढून टाकलेले ड्रायव्हर, एसएसएचमधून रूटला प्रवेश देणारी सेटिंग आणि उत्तरांच्या फाइलीत न दिलेली संमती, या ठिकाणी ते बहुधा अडते. ज्या सर्व्हरवर हाताने ठेवलेले काही नाही, तेथे हा मार्ग चांगला आहे.

काट्यासारख्या कामाला मी तो वापरत नाही. नवी डिस्क घ्यावी, तिच्यावर नवी प्रणाली बसवावी आणि जुनी डिस्क काढून तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवावी. परत फिरायचे ठरले, तर मशीन बंद करून डिस्क बदलणे एवढेच काम उरते. लेखापालांसमोर मी हा बदल घड्याळ लावून करून दाखवला. 11 मिनिटे लागली. त्यांची संमती मला त्या 11 मिनिटांमुळे मिळाली, आधीच्या दोन वर्षांतील कोणत्याही युक्तिवादामुळे नाही. मात्र डिस्क मागवण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात. अल्मालिनक्स 9 ला ‘एक्स 86-64 व्ही 2’ सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो, त्यामुळे फार जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होत नाही. तसेच अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या काही जुन्या रेड (RAID) कार्डांचे ड्रायव्हर 8 पासूनच काढले गेले आहेत, म्हणून मशीनमधील कार्डांची यादी देणाऱ्या ‘एलएसपीसीआय’चे उत्तर आधीच पाहून ठेवावे, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

दिवस निवडताना ऑफ सीझनमधील 17 सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, आम्हाला सोयीचा पडला. सकाळी ध्वजवंदन झाल्यावर कार्यालय बंद होते, संगणकावर कोणी बसलेले नसते आणि अग्निप्रदीपनापर्यंत चूक सुधारण्यास अवकाश राहतो.

उबुंटू आणि डेबियन वापरणाऱ्यांना हीच गोष्ट वेगळ्या रूपात भेटते. तेथे पॅकेज साधन ‘अॅप्ट’ आहे आणि रेपोची खात्री पटवणारी किल्ली नोंदवणारी ‘अॅप्ट-की’ ही कमांड बाद झाली आहे. नव्या रेपोची किल्ली ‘ईटीसी अॅप्ट’खालील ‘कीरिंग्स’ फोल्डरमध्ये ठेवून रेपोच्या ओळीत ‘साइन्ड-बाय’ने तिचा मार्ग द्यावा लागतो. डेबियन 12 पासून पायथनच्या ‘पिप’ या पॅकेज साधनाने प्रणालीच्या पायथनमध्ये थेट काही टाकायला गेले, की पर्यावरण बाहेरून व्यवस्थापित असल्याचे सांगून ते नकार देते. बळजबरीचा पर्याय तेथे आहे, पण तो वापरू नये. ‘व्हेन्व्ह’, म्हणजे पायथनचा स्वतंत्र कप्पा, तयार करून त्यात काम करावे, म्हणजे प्रणालीच्या स्वतःच्या साधनांना धक्का लागत नाही.

नवा सर्व्हर लागल्यानंतर यमचे जुने स्वयंचलित काम, म्हणजे ‘यम-क्रॉन’, आपोआप पुढे येत नाही. त्याच्या जागी ‘डीएनएफ-ऑटोमॅटिक’ बसवून त्याचा टायमर चालू करावा लागतो. हंगामात मी ते फक्त डाउनलोड करून कळवण्यापुरते ठेवतो आणि प्रत्यक्ष अपडेट कारखान्याच्या साफसफाईच्या बंदच्या दिवशी हाताने करतो. कपाटातील जुनी डिस्क हंगामाच्या शेवटच्या ऊसबिलाचे ऑडिट पूर्ण होईपर्यंत तशीच ठेवावी, त्यानंतर ती पुसावी आणि पुसल्याची तारीख त्याच चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी सर्व्हरच्या नोंदवहीत लावावी.